बागुलबुवाचे थेंब

१

सगळे तिला माळीणबाई म्हणत, पण तिच्या बागेत माती नव्हती, ऊन नव्हतं आणि नावालासुद्धा पान नव्हतं. होती ती फक्त मुळं. काचेच्या फ्लास्कमध्ये, साखर आणि क्षार घातलेल्या पाण्यात वाढणारी, पांढरीशुभ्र, केसांसारखी बारीक, एकमेकांत गुंतलेली मुळं. त्यांना ना खोड फुटायचं, ना फूल यायचं. कधीकाळी एका झाडाच्या पानाला मुद्दाम एका जिवाणूची लागण करून ती उगवली होती आणि तेव्हापासून नुसती वाढत होती. ते झाड केव्हाच वाळून गेलं होतं. मुळांना त्याचा पत्ताही नव्हता.

सकाळी आलं की हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगात स्वच्छ डगला चढवायचा, गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटासमोर बसायचं, चिमटा ज्योतीवर तापवून गार करायचा आणि मुळाचं टोक कापून नव्या पाण्यात सोडायचं. भरलेले फ्लास्क मागच्या अंधाऱ्या खोलीत जात. तिथे भिंतीला लागून उंच मांडण्या होत्या आणि त्यांचा प्रत्येक फळा यंत्रावर बसवलेला होता. तो दिवसरात्र गोल गोल डुलत राही, म्हणजे पाण्यात हवा खेळती राहते. खोलीला खिडकी नव्हती. दाराशी एक मिणमिणता हिरवा दिवा आणि मांडण्यांच्या मागे, रंग तपासायला, पांढऱ्या उजेडाचा एक फलक. तो गरजेपुरताच लावायचा.

ही मुळं औषध करायची. पण आपल्यासाठी नव्हे.

"आपलं भलं करायला ती बसलेली नाहीत," प्रयोगशाळेच्या मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "कुणीतरी आपल्याला खायला आलंय असं वाटलं, की ती जीव वाचवायला एक विष तयार करतात. आपण त्यालाच औषध म्हणतो. म्हणजे आपलं काम काय? त्यांना घाबरवणं."

घाबरवायला मेलेल्या बुरशीचा अर्क असे. त्याचे थेंब फ्लास्कमध्ये टाकले की मुळांना वाटे, हल्ला झाला. दोनेक दिवसांत पाणी लालसर होई, मग कुंकवासारखं लाल. लाल म्हणजे औषध. त्या अर्काला सगळे बागुलबुवा म्हणत. "बाई, आज बागुलबुवा द्यायचाय ना?" असं मॅडमसुद्धा अगदी गंभीर चेहऱ्याने विचारत.

ते औषध तिच्या घरी येत होतं. तिचा धाकटा भाऊ शिंपी होता. त्याची बोटं आधी आत वळायला लागली, मग मुठी उघडेनात, मग घास गिळताना तो घाबराघुबरा व्हायला लागला. पुढची पाळी श्वासाची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. या औषधाच्या चाचणीत त्याचं नाव लागलं आणि मुठी उघडल्या. पण मुळं दिवसेंदिवस कमी घाबरत होती. दर खेपेला निघणाऱ्या औषधाचा उतारा घसरत चालला होता.

"या खेपेला पुरेसं निघालं नाही, तर चाचणी बंद करावी लागेल," मॅडम म्हणाल्या. आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, यावरूनच तिला कळलं की बोलणं पक्कं आहे.

२

थेंब द्यायचा दिवस उजाडला. ती बाटली घेऊन अंधाऱ्या खोलीत गेली, मागचा फलक लावला आणि जागच्या जागी थांबली. सगळ्यात आतल्या मांडणीवरचे फ्लास्क आधीच लाल झाले होते.

पहिल्यांदा तिला राग आला. आपल्या कामात कुणी हात घातला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तिने मॅडमना विचारलं. त्यांनी बाटलीला हात लावला नव्हता. मग तिला धास्ती वाटली, की खरीच बुरशी शिरली असणार. तिने एक थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाणी स्वच्छ होतं. दुसरा थेंब, तिसरा थेंब. सगळं लख्ख.

ती परत आत गेली आणि मग तिच्या नजरेला ते आलं. डुलणाऱ्या पाण्यात मुळांचा नेहमी गोल गुंता होतो, लोकरीच्या गुंड्यासारखा. इथे तसं नव्हतं. त्या मांडणीवरच्या प्रत्येक फ्लास्कमधली मुळं एकाच बाजूला, दाराच्या बाजूला, काचेला चिकटून दाटीवाटीने बसली होती. पाहुणा आला की लहान मुलं आईच्या मागे दडतात, तशी.

तिने यंत्रवाल्या काकांना बोलावलं. यंत्रं, पंखे, गारवा, सगळं काकांच्या ताब्यात. काकांनी फळ्यावर पाणसळ ठेवली, डोळा बारीक केला, फळ्याच्या चारही कोपऱ्यांवर ती फिरवून पाहिली.

"बाई, फळा सरळ आहे. माझ्या आयुष्यात एवढं सरळ दुसरं काही नाही."

"मग ही अशी का झालीत?"

"आतून कुठून हवा येत असेल. नाहीतर लाजत असतील. तुमचीच लेकरं, तुम्हालाच माहीत."

ती हसली. हसण्यासारखंच होतं ते. तिने एकेक फ्लास्क उचलून अर्धा फिरवून ठेवला, म्हणजे मुळं आता भिंतीच्या बाजूला गेली, आणि ती डबा खायला निघून गेली. परत येऊन बघते तर त्यांनी पुन्हा दाराकडची बाजू धरली होती. मुळं वाढतात, सरकत नाहीत. वाढायला दिवस लागतात. हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना आवाज जरा मोठाच निघाला.

३

लाली मांडणी-मांडणीने पुढे येत गेली. बागुलबुवाची बाटली सील न तोडता कपाटातच राहिली. औषध मात्र इतकं निघालं की मॅडम स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आल्या.

"काय केलंस?"

"काहीच नाही, मॅडम."

"मग तेच करत राहा."

खरं म्हणजे तिने त्याच वेळी सांगायला हवं होतं. मुळं एका बाजूला पळतायत, कशापासून ते कळत नाही, असं दोन वाक्यांत सांगून झालं असतं. पण मॅडम चौकशी लावणार, चौकशी म्हणजे खोली बंद, खोली बंद म्हणजे धाकट्याचं औषध बंद. तिने तोंड मिटून घेतलं.

घरी धाकट्याने त्या दिवशी सुईत दोरा स्वतः ओवला. ओवला आणि सुई नाकासमोर धरून बसला, जणू मोठं बक्षीस मिळालं.

"ताई, बघितलंस? एका झटक्यात!"

"खोटं बोलू नकोस. दोऱ्याचं टोक चघळून चोथा केलायस."

"तुझी मुळं भित्री आहेत म्हणून मी जिवंत आहे. त्यांना म्हणावं, अशीच घाबरत राहा."

तो सहज बोलून गेला.

४

कशापासून पळतात हे बघायचंच, असं तिने ठरवलं. कारण सापडलं की भीती जाते, या गोष्टीवर तिचा विश्वास होता. तिने वेगवेगळ्या मांडण्यांवरचे फ्लास्क काढून खोलीभर जमिनीवर ठेवले: दाराजवळ, भिंतीशी, मधोमध. मग बाहेर जाऊन बसली. थोड्या वेळाने आत येऊन पाहिलं, तर प्रत्येकातली मुळं वेगळ्या दिशेला सरकली होती. भिंतीजवळची भिंतीकडे, दाराजवळची दाराकडे. सगळ्यांनी पाठ फिरवली होती ती एकाच जागेकडे. खोलीच्या आतल्या टोकाला असलेलं सामानाचं जुनं कपाट आणि शेवटची मांडणी यांच्यामध्ये एक मोकळी जागा होती, एका माणसाला उभं राहता येईल एवढी. तिथे फरशीशिवाय काही नव्हतं.

तिने फरशीला हात लावून पाहिला. गार होती, सगळी खोलीच गार असते. कपाटामागे टॉर्च मारला. धूळ, एक जुनं रबरी बूच. मग, आपण घाबरलेलो नाही हे सिद्ध करायला, ती स्वतः त्या जागेत जाऊन उभी राहिली.

तिथून सगळे फ्लास्क दिसत होते, आणि सगळ्यांतली मुळं तिच्यापासून लांब गेलेली होती. तिला वाईट वाटलं. वर्षानुवर्षं ज्यांना हाताने वाढवलं, त्यांनी असं करावं याचं खरंच वाईट वाटलं. यंत्रांची घरघर चालू होती. प्रत्येक फळ्याची आपली एक लय असते, ती कान देऊन ऐकली तर वेगवेगळी कळते. त्या जागेत मात्र सगळ्या मिळून एकच लय ऐकू येत होती. आत, थांबून, बाहेर. आत, थांबून, बाहेर.

तिने पुढे होऊन मुख्य बटण बंद केलं. फळे थांबले. पाणी जरा वेळ फिरून निवांत झालं. लय बंद व्हायला हवी होती. ती लगेच बंद झाली नाही. आणखी एकदा आत गेली, थांबली, आणि बाहेर आली.

तिने बटण पुन्हा लावलं आणि धावल्यासारखं दिसू नये अशा बेताने ती दाराबाहेर पडली. पंख्याचा आवाज असणार. बंद झालेला पंखासुद्धा थोडा वेळ फिरतोच. पंखा खोलीत होता की नव्हता हे बघायला ती काही परत गेली नाही.

५

मग ते जागेवरून हललं.

आतली मुळं पांढरी पडायला लागली आणि सैलावून पुन्हा गोल गुंत्यासारखी झाली. लाल झाली ती दाराजवळची, आणि त्यांनी आता दाराकडेच पाठ केली होती. काकांनी यंत्रं तपासायला आत जाणं सोडलं. "बाई, मी आता बाहेरूनच बघतो," एवढंच म्हणाले. का, ते तिने विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून काकांनाही बरं वाटलं.

पुढे भांडी धुवायच्या खोलीत ठेवलेला एक सुटा फ्लास्क लाल झाला. त्यानंतर तिच्या टेबलावरचा. टेबलावरच्या फ्लास्कातली मुळं तिच्या खुर्चीच्या विरुद्ध बाजूला, काचेवर पंजा ठेवावा तशी पसरली होती. त्या दिवशी ती उभ्यानेच काम करत राहिली.

आणि मग एका सकाळी सगळे फ्लास्क पांढरे. आत, बाहेर, टेबलावर, सगळीकडे शांत, गोल, निर्धास्त गुंते. तिने कपाटाला टेकून मोठा श्वास सोडला. गेलं एकदाचं. कित्येक दिवसांनी तिला भूक लागली.

मॅडमना मात्र भूक-बिक काही नव्हती. "उतारा एकदम तळाला गेलाय," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्याचं औषध भरणार नाही. तू जे काही करत होतीस, ते पुन्हा सुरू कर."

आता निदान बाटली होती. तिने बागुलबुवाचं सील तोडलं आणि प्रत्येक फ्लास्कमध्ये थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी पाणी पांढरं. आणखी टाकले. तिसऱ्या दिवशीही पांढरंच. मुळं ढिम्म हलली नाहीत. खरा बघितल्यावर खोट्याला कोण भिणार?

इकडे धाकट्याची करंगळी आत वळली होती. त्याने ती दुसऱ्या हाताखाली लपवली, पण बहिणीपासून काय लपतं!

मग तिला आठवलं. तिच्या टेबलावरचा फ्लास्क लाल झाला त्या दिवशी टेबलावर काय होतं? धाकट्यासाठी घरी न्यायची औषधाची बाटली. ती तिने पिशवीत घातली होती आणि नेहमीप्रमाणे घरी गेली होती.

६

दुपारीच अर्धी रजा टाकून तिने एक फ्लास्क फडक्यात गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. बसमध्ये मांडीवर पिशवी उघडून ती पाहत राहिली. शेजारच्या बाईला वाटलं असेल, बाईंचा डबा सांडलाय. मुळं शांत होती. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी शांत, जिन्यात शांत. दाराची कडी वाजवली आणि तिच्या देखत, घड्याळाचा मोठा काटा सरकतो तितक्या हळू, पांढरा गुंता दारापासून मागे, तिच्या तळहाताकडे सरकला.

"एवढ्या लवकर? हाकललं की काय तुला?" धाकटा मशीनवरूनच ओरडला.

"ओरडू नकोस. मान खाली घालून शीव."

तिने फ्लास्क जेवायच्या टेबलावर ठेवला. खोली नेहमीचीच होती: मशीन, कापडांचा ढीग, कात्री, दोऱ्यांची रिळं, खिडकीतून पडलेलं दुपारचं ऊन. उन्हात धूळ तरंगत होती. मुळांनी मशीनकडे पाठ केली होती. म्हणजे हाच, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. आपल्या भावाला कोण असं म्हणतं?

"पाणी पितेस का गं? चेहरा बघ कसा झालाय." तो उठला, स्वयंपाकघरात गेला.

खुर्ची रिकामी झाली. मुळं तशीच राहिली, रिकाम्या खुर्चीच्या मागच्या जागेकडे पाठ करून. तिने मनात आकडे मोजायला सुरुवात केली, नुसता धीर धरायला. मग मुळं वळायला लागली. सावकाश, स्वयंपाकघरापासून दूर. धाकट्याच्या मागोमाग नाही. त्याच्या जरा नंतर. कुणीतरी तो उठलेला बघितला, क्षणभर थांबलं आणि मग त्याच्यामागे निघालं, असं.

आत पेल्याचा आवाज झाला. धाकटा गुणगुणत होता. पाण्याचा नळ बंद झाला, गुणगुणणं थांबलं, आणि मधल्या शांततेत तिने ते पुन्हा ऐकलं. आत. थांबून. बाहेर.

"ताई, घे."

तिने पाणी घेतलं. त्याच्या खांद्यावरून मागे बघायचं नाही, एवढं एकच तिला सुचलं. पेला देताना त्याची करंगळी आणि अनामिका दोन्ही आत वळलेल्या होत्या. आणि पाण्याचा घोट त्याने स्वतः घेतला तेव्हा तो नरड्यात अडकला. तो खोकला, लाल झाला, हाताने "काही नाही, काही नाही" अशी खूण करत राहिला. किती वेळ तो श्वास आत ओढायचा प्रयत्न करत होता! तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवताना तिचा हात मध्येच एका गार जागेला लागला, हवेतल्याच, आणि तिने तो मागे घेतला नाही. भावाचा श्वास परत येईपर्यंत ती पाठ चोळत राहिली.

फ्लास्कमधलं पाणी तोवर लाल झालं होतं. एवढ्याशा वेळात इतकं लाल तिने कधी पाहिलं नव्हतं.

"उद्या येशील माझ्याबरोबर कामावर?" तिने विचारलं.

"मी? कशाला?"

"मुळं बघायला. एवढी वर्षं ऐकतोयस नुसतं."

"येतो की! बसायला खुर्ची द्या म्हणजे झालं. तुमच्यासारखं दिवसभर उभं राहायला जमणार नाही."

७

मॅडमना तिने सांगितलं, भावाला खोली दाखवते. मॅडम आनंदाने हो म्हणाल्या. काकांनी खुर्ची आणून उंबऱ्याबाहेर ठेवली. आत तिने नेली.

धाकटा मांडण्यांकडे पाठ करून बसला, कारण तिने खुर्ची तशीच ठेवली होती. ती दाराशी उभी राहिली. हिरव्या दिव्यात त्याचा चेहरा शेवाळलेला दिसत होता, पण तो खूश होता.

"हीच का ती माझी औषधं? मला वाटलं, मोठाली पिंपं असतील."

"हळू बोल."

"का? मुळांना कान असतात?"

बोलता बोलता त्याच्यामागे आधी एक फ्लास्क गुलाबी झाला, मग शेजारचा. ती भिंतीला टेकून पाहत होती. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं; नव्हतं असं तिला पुढे कधी म्हणता येणार नव्हतं. रंग नीट दिसेना म्हणून तिने मांडण्यांमागचा फलक लावला.

सगळ्या मांडण्या एकदम उजळल्या. मुळं सरकत होती, सगळ्या फळ्यांवर, डोळ्यांदेखत. कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे, वरच्या फळ्यावर कडेकडेला, खालच्या फळ्यावर पार बुडाशी. जिथून ती हटली तिथून पांढरा उजेड लाल पाण्यातून आरपार येत होता. त्या मोकळ्या उजेडाचा एक आकार भावाच्या मागे उभा होता. मांडणीएवढा उंच. मग वरच्या फळ्यावरची मुळं हळूहळू सैल झाली आणि खालच्या फळ्यावरची आणखी दडपली, आणि तिला कळलं की ते वाकतंय.

तिने फलक बंद केला. त्याहून जास्त तिला बघायचं नव्हतं.

"ताई, दिवा का घालवलास? छान दिसत होतं." धाकट्याने हात पुढे केले, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "पण इथे खांदे कसे जड होतात गं. कुणी हात ठेवल्यासारखे. उठू का आता?"

तिने हिरव्या उजेडात डोळे ताणून मांडण्यांकडे पाहिलं. वरचे सगळे फळे काळपट लाल झाले होते. खालची रांग अजून पांढरीच होती.

"नको," ती म्हणाली. "बस अजून थोडा वेळ."